कमी बजेटचा गेमिंग पीसी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीतल्या दोन पोरांना पीसी जोडून दिला, त्यांनी मित्रांना सांगितलं, आणि तेव्हापासून फोनवर "सर, एवढं कोटेशन बघा ना" सुरू आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि दिवाळीच्या आगेमागे तर रोजच. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भाव मुद्दाम दिलेले नाहीत, कारण आज लिहिलेला भाव पुढच्या आठवड्यात खोटा ठरतो.

१. बजेट ठरलंय. सुरुवात प्रोसेसरपासून करू की ग्राफिक्स कार्डपासून?

दोन्हीपासून नाही. आधी कोणते गेम खेळणार आणि कोणत्या मॉनिटरवर, ते ठरवा. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हेच रोजचं खेळणं असेल तर प्रोसेसर चांगला हवा आणि कार्ड मध्यम असलं तरी भागतं. मोठे, देखणे, कथेचे गेम खेळायचे असतील तर बहुतेक भार कार्डावर येतो. मॉनिटर २४ इंची १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) धरा. कमी बजेटमध्ये १४४०पी (२५६० बाय १४४०) मॉनिटर घेतला तर कार्डाला दर फ्रेममध्ये पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल काढावे लागतात, आणि मग "सर, गेम अडकतोय" असा मेसेज येतो. म्हणून क्रम असा: गेम, मॉनिटर, कार्ड, प्रोसेसर, आणि मग बाकीचं.

२. पैशांची वाटणी कशी करू?

मॉनिटर, कीबोर्ड, माउस बाजूला ठेवा. उरलेल्या रुपयातले ३५ ते ४० पैसे कार्डाला, २५-३० पैसे प्रोसेसर आणि मदरबोर्डला मिळून, साधारण २० पैसे रॅम आणि एसएसडीला, आणि उरलेल्यात एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) व कॅबिनेट. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि ही वाटणी बरीच विस्कटली. तेव्हा रॅमसाठी कात्री लावायची वेळ आलीच, तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांना लावा. एसएमपीएसला लावू नका (प्रश्न ११).

३. एका ठिकाणी "आय७, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसकट गेमिंग पीसी" अगदी स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

एकच प्रश्न विचारा: कितव्या पिढीचा आय७? उत्तर बहुधा "तिसऱ्या" येईल, म्हणजे २०१२ चा. त्याखाली एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि वर जीटी ७३०. हे कार्ड गेमिंगचं नव्हेच. त्याचा उपयोग स्क्रीनवर चित्र दिसण्यापुरता. २०२२ चा चार कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा भाग) आय३-१२१००एफ त्या आय७ ला गेममध्ये सहज मागे टाकतो. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. "आय७" हा शब्द ऐकून वडील मंडळी खूश होतात, हे दुकानदाराला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

४. आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ, रायझन ५ ५५००, रायझन ५ ५६००. यातला कोणता?

पैसे अगदीच मोजके असतील तर आय३-१२१००एफ. चार कोर, आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), आणि मध्यम कार्डाबरोबर छान चालतो. थोडं ताणता आलं तर सहा कोरचे आय५-१२४००एफ आणि रायझन ५ ५६०० हे दोघं तुल्यबळ आहेत. त्या दिवशी बोर्डासकट जो स्वस्त पडेल तो घ्या.

फसगत होते ती ५५०० आणि ५६०० मध्ये. नावात शंभराचा फरक दिसतो, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी आहे, ५६०० मध्ये ३२ एमबी. गेमला या कॅशचा फार उपयोग होतो. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेस (कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग) ३.० वर अडकलेला, तर ५६०० ला ४.० मिळतं. किमतीत हजार-दीड हजाराचाच फरक असेल तर ५६०० घ्या.

एएम५ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा, ५५००-५६०० ची एएम४) रायझन ५ ७५००एफ वगैरे पुढच्या अपग्रेडसाठी नक्कीच चांगले, पण त्यांना डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅमच लागते आणि बोर्डही महाग पडतो. त्या फरकाच्या पैशांत कार्ड एक पायरी वर जात असेल, तर मी कार्ड निवडेन.

५. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर खराब होतात म्हणे. खरं आहे का?

अर्धं खरं. त्या पिढ्यांतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे कायमची इजा होत होती. इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बाराव्या पिढीला हा रोग नाही. तेरावी-चौदावी घेतलीच तर बायोस (बोर्डावरचं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करा. वापरलेला आय७ किंवा आय९ मात्र या पिढ्यांतला घेऊ नका. आधीच्या मालकाने तो कसा वापरला, हे बाहेरून दिसत नाही.

६. प्रोसेसरच्या नावातला एफ आणि जी म्हणजे काय?

इंटेलमध्ये "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. एएमडीच्या एएम४ मध्ये ५६०० सारख्या साध्या नावांतही ग्राफिक्स नसतं, ते "जी" वाल्यांत असतं. एएम५ चे ७६०० सारखे प्रोसेसर डेस्कटॉप दिसण्यापुरतं ग्राफिक्स देतात, पण ७५००एफ देत नाही.

७. कार्ड आत्ता परवडत नाही. आधी बिनकार्डाचा पीसी घेऊन वर्षभराने कार्ड टाकलं तर?

चालेल, पण नीट ठरवून. रायझन ५ ५६००जी वर व्हॅलोरंट, जुना जीटीए ५, क्रिकेटचे गेम सेटिंग उतरवून खेळता येतात. ८६००जी त्याहून बराच पुढे आहे, पण एएम५ च्या खर्चासह. दोन्हींत ग्राफिक्स मुख्य रॅमच उसनी घेतं. म्हणून रॅमच्या दोन कांड्या हव्यातच. एकच कांडी लावली तर फ्रेम बऱ्यापैकी घसरतात.

तोटा असा, की ५६००जी ची कॅशही १६ एमबीच आहे. वर्षभराने कार्ड लावाल तेव्हा तो ५६०० च्या मागेच राहील. थांबायचं फक्त तीन-चार महिने असेल तर मी "जी" घेणार नाही. ५६०० घेईन आणि तोवर ओळखीतलं एखादं जुनं कार्ड उसनं आणून काम भागवीन.

८. कोणतं ग्राफिक्स कार्ड? ८ जीबी पुरेल का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

१०८०पी साठी कार्डावरची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) हा आज तळ आहे, चैन नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेलं आरएक्स ६६०० अजूनही माझ्या यादीत आहे: ८ जीबी, १३२ वॅट, साधा एसएमपीएस पुरतो. आरटीएक्स ४०६० ११५ वॅटवर चालतं, वेगवान आहे, शिवाय डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र हुशारीने मोठं करून फ्रेम वाढवणारी सोय) मिळतं. आर्क बी५८० मध्ये १२ जीबी आहे, पण त्याला बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावं लागतं आणि ते जुन्या किंवा कमजोर प्रोसेसरबरोबर रुसतं. आय३ बरोबर ते जोडू नका. आरएक्स ९०६० एक्सटी चा १६ जीबीचा प्रकार परवडला तर पुढची काही वर्षं व्हीरॅमची चिंता नाही.

आता नावांचे सापळे. आरटीएक्स ३०५० दोन आहेत. ८ जीबीचं मूळ, आणि २०२४ मधलं ६ जीबीचं. दुसऱ्यात फक्त मेमरी कमी नाही, कोरही कमी आहेत आणि मेमरी बस (मेमरीपर्यंतचा रस्ता) १२८ ऐवजी ९६ बिटची आहे. त्याचा एकच मोठा गुण म्हणजे ७० वॅटमध्ये, वेगळी पॉवर वायर न लावता ते चालतं. ऑफिसच्या जुन्या डेल-एचपी डब्यात टाकायला म्हणूनच बरं.

आरएक्स ६५०० एक्सटी ला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन (मार्गाच्या पट्ट्या) आहेत. पीसीआय ३.० च्या बोर्डावर, म्हणजे बी४५०, ए५२० किंवा ५५०० प्रोसेसरवर, त्याचा दम निघतो. बहुधा ज्यांच्याकडे जुना बोर्ड असतो तेच हे स्वस्त कार्ड घ्यायला जातात, आणि त्यांनाच ते सगळ्यात कमी पावतं.

आणि "४ जीबीचं कार्ड बरं की २ जीबीचं" या प्रश्नाला अर्थ नाही. जीटी ७३० ला ४ जीबी लावली म्हणून ते धावायला लागत नाही. बैलगाडीला मोठी टाकी बसवण्यासारखं ते.

९. वापरलेलं कार्ड घेऊ का? मायनिंगचं असेल तर?

बजेटमध्ये सगळ्यात मोठी बचत इथेच होते, आणि सगळ्यात मोठा फटकाही इथेच बसतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्डांकडून सतत गणितं करून घेऊन चलन मिळवणं) बंद झालं आणि बाजारात कार्डांचा पूर आला. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलंच, असं नाही. त्यात झिजतो तो पंखा, वाळते ती चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट आणि पॅड. चिप बहुधा ठीक असते.

घेताना विक्रेत्याच्या घरी जा. वीस-पंचवीस मिनिटं एखादा जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवायला लावा. पडद्यावर ठिपके, रेघा, पंख्याची घरघर बघा. जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून कार्डाची खरी ओळख तपासा. आरएक्स ५८० म्हणून विकलं जाणारं बरंचसं "२०४८एसपी" निघतं, ज्यात मूळच्या २३०४ ऐवजी २०४८ कोर असतात. स्क्रू सोललेले असतील तर कार्ड कुणीतरी उघडलंय. का उघडलं, ते विचारा.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही नवे गेम हार्डवेअर रे-ट्रेसिंगशिवाय (प्रकाश-सावली खरी दिसावी म्हणून कार्डात असलेल्या खास सोयीशिवाय) सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस हे त्यातले. जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ५८० कितीही स्वस्त मिळालं तरी हे गेम त्यावर चालणार नाहीत.

१०. मदरबोर्डमध्ये काय बघायचं? सगळ्यात स्वस्त घेतला तर?

सहा कोरच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरला स्वस्त बोर्ड पुरतो. एच६१० वर आय५-१२४००एफ निवांत चालतो. बघायचं एवढंच: एम.२ स्लॉटमध्ये एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) चालतं का, रॅमचे स्लॉट किती, पंखे लावायला जागा किती, आणि वायफाय आहे का. स्वस्त बोर्डात वायफाय बहुधा नसतं. बॉक्सवर डीडीआर४ की डीडीआर५ तेही वाचा. बी७६० नावाचे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही.

बी४५० चा जुना साठा घेत असाल तर दुकानदाराकडूनच बायोस ५००० मालिकेपर्यंत अद्ययावत करून घ्या, आणि तुमच्यासमोर डिस्प्ले आणून दाखवायला सांगा. घरी आणल्यावर जुन्या बायोसवर स्क्रीन काळीच राहते, आणि बिचारा नवा प्रोसेसर खराब ठरतो.

११. कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट मिळतोय. वेगळा कशाला घ्यायचा?

फुकटचाच मला सगळ्यात महाग पडला. कॉलेजात असताना पहिला पीसी जोडला, त्यात कॅबिनेटसोबत आलेला "५०० वॅट" लिहिलेला डबा होता. आठ महिन्यांनी मे महिन्यात एका संध्याकाळी फट्ट आवाज आला, आणि जळक्या वासाबरोबर बोर्ड आणि हार्ड डिस्कही गेली. नंतर डबा उघडला. आत जिथे गाळणीचे सुटे भाग असायला हवेत तिथे नुसत्या वायरी जोडलेल्या. वजनाला तर तो जेवणाच्या डब्याएवढाही नव्हता.

गणित साधं आहे. ५६०० आणि आरएक्स ६६०० असलेला पीसी खेळताना साधारण २५० वॅटच्या आत राहतो. त्याला नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. ७५० वॅट घेऊन उगाच पैसे घालवू नका. ८० प्लस ब्रॉन्झ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, सुरक्षिततेचा नाही. म्हणून शिक्क्याबरोबर वॉरंटीची वर्षंही बघा. पाच वर्षं देणारी कंपनी थोडी तरी विश्वासाने बोलते. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असेल तर आणखी उत्तम. गावाकडे संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की व्होल्टेज खाली जातं, तेव्हा असा एसएमपीएस तग धरतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर दोष बहुधा पीसीचा नसतो, घरातल्या अर्थिंगचा असतो. इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडू नका, कृपा करून.

१२. आमच्याकडे लाइट सारखी जाते. कोणता यूपीएस घेऊ?

बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीए चा यूपीएस खरं तर ३६० वॅटच्या आसपासचाच असतो. वरच्या प्रश्नातला पीसी आणि मॉनिटर त्यावर कसाबसा बसतो, आणि खेळता खेळता लाइट गेली तर तो झटकन बंदही पडू शकतो. १००० किंवा ११०० व्हीए घ्या. यूपीएस घ्यायचा तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करायला. अख्खं लोडशेडिंग त्यावर खेळून काढता येणार नाही.

घरातल्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा, आणि त्याचा बदलीचा वेळ कमी असलेला "यूपीएस मोड" चालू ठेवा.

१३. रॅम ८ जीबी घेऊन नंतर वाढवली तर?

नाइलाज असेल तरच. आज १६ जीबी हवी, ८-८ च्या दोन कांड्यांत. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो, तरी बोर्डाचं पुस्तक बघा. आणि बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने धावू देणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगाने धावत राहते.

१४. एसएसडी किती घेऊ?

१ टीबी एनव्हीएमई. ५०० जीबीमध्ये विंडोज आणि तीन मोठे गेम गेले की जागा संपते. गेमसाठी अतिवेगवान मॉडेलची गरज नाही. जुनी हार्ड डिस्क फोटो-सिनेमांसाठी राहू द्या.

१५. आम्ही चंद्रपूरला राहतो, उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. लिक्विड कूलर लागेल का?

नाही. कोणताही कूलर, हवेचा असो की पाण्याचा, खोलीच्या तापमानापेक्षा खाली नेत नाही. पुण्यात २८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर असेल, तर तुमच्या ४२ अंशांच्या खोलीत तोच साधारण ८४ वर जाईल. रायझन ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, म्हणजे बॉक्समधल्या कूलरवर तुम्ही अगदी काठावर. साध्या टॉवर एअर कूलरने भागतं. पैसे जाळीदार पुढा असलेल्या कॅबिनेटवर आणि तीन पंख्यांवर घाला. समोर काच असलेली कॅबिनेटं दिसतात झकास, पण आत हवा शिरायला वाट नसते.

डेझर्ट कूलरची हवा थेट पीसीवर येऊ देऊ नका. ओलावा आणि धूळ मिळून आत चिखलाचा थर बसतो. कोकणातल्यांना वेगळी सूचना: पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालू करा.

१६. ऑनलाइन बॉटलनेक कॅल्क्युलेटर म्हणतो माझ्या जोडीत १८ टक्के बॉटलनेक आहे. काय करू?

ते पान बंद करा. कुठला भाग अडवतो, हे गेमवर, सेटिंगवर आणि रिझोल्यूशनवर ठरतं. एका टक्केवारीत ते बसत नाही. खेळताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर त्याला पुरा पडतोय.

१७. नवा पीसी जोडला, पण गेम मोबाइलपेक्षा वाईट चालतोय!

मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? मदरबोर्डाला असेल तर काढून खाली कार्डाच्या पोर्टला लावा. दहातले निम्मे फोन इथेच संपतात. नाही तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन महिनोन्महिने ६० वर खेळणारे मी पाहिलेत. त्यानंतर एक्सएमपी (प्रश्न १३).

व्हॅलोरंट सुरूच होत नसेल तर गोष्ट वेगळी. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी लागतात. दोन्ही बायोसमध्ये सापडतात.

१८. मामा अमेरिकेहून येतोय. कार्ड तिकडून मागवू का?

भाव बघून मोह होतो, पण वॉरंटी आधी तपासा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात खरेदी केली तिथलीच असते. कार्ड बिघडलं तर ते परत मामाकडेच पाठवावं लागेल. प्रोसेसर आणि एसएसडी क्वचित बिघडतात, तिथे धोका कमी. एसएमपीएस मात्र तिकडून आणू नका. स्वस्तातल्या काहींवर मागे ११५ आणि २३० चं छोटं लाल बटण असतं. ते ११५ वर राहिलं आणि आपल्या सॉकेटला लावलं, तर आमच्या मे महिन्याची (प्रश्न ११) पुनरावृत्ती होईल.

१९. लॅमिंग्टन रोडवरून घेऊ की ऑनलाइन?

दोन्हीकडचे भाव काढा. लॅमिंग्टन रोड हा मुंबईतला कॉम्प्युटर बाजार, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. एकाच दुकानातून सगळं घेतलं तर घासाघीस जमते, आणि जोडून, चालू करूनही मिळतं. पण "बिल नको असेल तर इतके कमी" म्हटलं की दुकान बदला. जीएसटी बिलावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. तीन वर्षांनी कार्ड बंद पडतं तेव्हा सर्व्हिस सेंटर पहिलं तेच मागतं. ऑनलाइन घेतलं तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, आणि विक्रेता कोण आहे ते बघा. संकेतस्थळ मोठं असलं तरी विक्रेता कुणीही असू शकतो.

२०. बाबा विचारतायत, लाइट बिल किती वाढेल?

पीसी आणि मॉनिटर मिळून खेळताना ३०० वॅट धरा. रोज तीन तास म्हणजे महिन्याला २७ युनिट. बाबांना एवढंच सांगून थांबू नका, कारण महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. सध्या घरात ९० युनिट येत असतील तर तुमच्या २७ पैकी १७ युनिट पुढच्या, महागड्या दराने लागतील. ते त्यांना तुमच्याकडूनच कळलेलं बरं, बिल आल्यावर नको.